एक कप म्हणजे नक्की किती?

आमच्या ओटीजीचा डायल २५०ला संपतो. रेसिपीत लिहिलं होतं ३५०. मी काय केलं असेल? डायल शेवटपर्यंत फिरवला आणि म्हटलं, आहे तेवढं गोड मानून घे बाई! वीस मिनिटांत असा वास सुटला की आई हॉलमधून उठून आली.

‘खाली लागलं का काही?’

‘खाली नाही, वर,’ मी म्हटलं.

त्याचं झालं असं की, जानेवारीत आईला साठ वर्षं पूर्ण होणार होती. पूजा, शांत, हॉल, जेवणावळ यातलं तिला काहीही नको होतं. ‘माझी कसली शांत करताय, मी आहेच की शांत’ हा तिचा ठरलेला विनोद. मग हवंय तरी काय? तर म्हणाली, ‘ताई करते ना, तो गाजराचा केक कर.’

ताई एडिसनला राहते, न्यू जर्सीत. तिच्या बाळंतपणाला आई सहा महिने तिकडे होती, तेव्हा तिने हा केक खाल्ला होता. एरवी कुठल्याही बेकरीचा केक समोर ठेवला की वरचं क्रीम चमच्याने खरवडून ‘हा साबणाचा फेस कोण खातं’ म्हणणारी आमची आई, तिकडून आल्यावर वर्षभर त्या केकबद्दल बोलत होती. तेव्हा मागणी साधी होती. अडचण वेगळीच होती. मी आणि ताई त्या वेळी एकमेकींशी बोलत नव्हतो.

म्हणजे टीव्ही सीरियलमधल्यासारखं वैर वगैरे नाही. बाबा गेल्यावर आईने कायमचं तिकडे यावं असं ताईचं म्हणणं होतं. आईचं सगळं इथे आहे, ती तिकडे जाऊन चार भिंतींत काय करेल, असं माझं. दिवाळीत फोनवर दोघींचाही आवाज चढला. ‘तुला आयता डबा मिळतोय ना’ असं ती म्हणाली. ‘तुला आयती आया हवीये’ असं मी म्हणाले. त्यानंतर आमचा सगळा कारभार व्हाया आई. ही रेसिपीसुद्धा तशीच आली. ताईने आईला व्हॉट्सअ‍ॅप केली, आईने मला फॉरवर्ड.

दोन कप ऑल-पर्पज फ्लोअर, दोन कप साखर, सव्वा कप तेल, चार अंडी, दोन टीस्पून बेकिंग सोडा, एक टीस्पून कोशर सॉल्ट, तीन कप किसलेलं गाजर, एक कप पेकान. वरून लावायला एक स्टिक बटर, आठ औंस क्रीम चीज आणि तीन कप कन्फेक्शनर्स शुगर. नऊ इंची दोन गोल टिन, ३५० अंश, अर्धा तास.

मी मास कॉम केलंय. पहिल्याच सेमिस्टरला शिकवतात की, शंका आली तर अंदाज बांधू नका, सोर्सला विचारा. सोर्स तेव्हा ऑनलाइन दिसत होता, नावाखाली हिरवागार शब्द चमकत होता. पण मी का विचारू? कप म्हणजे कप. घरात चहाचे सहा आहेत!

तर पहिल्या केकचं पोस्टमॉर्टेम असं. वरून काळा, मधून बसलेला, खायला खारट आणि घशाखाली उतरताना साबणासारखा. आईने एक घास घेतला, पाणी प्यायली आणि काही न बोलता केकचा फोटो काढून ताईला पाठवून दिला. दहा मिनिटांत माझा फोन वाजला. आईचा नाही, माझा. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

ताईला हसूच आवरत नव्हतं. ‘अगं ए, साडेतीनशे फॅरनहाइट! सेल्सिअस लावलंस की काय?’

‘अडीचशेच्या वर जातच नाही आपला,’ मी शक्य तेवढ्या गंभीर आवाजात म्हटलं.

३५० फॅरनहाइट म्हणजे आपले साधारण १७७ सेल्सिअस. बत्तीस वजा करायचे, पाचाने गुणायचं, नवाने भागायचं. नववीत हे गणित आपण सगळ्यांनी घोकलंय आणि दहावीनंतर विसरलोय. अमेरिकेत १९७५ साली मेट्रिककडे वळायचा कायदा झाला, पण तो ऐच्छिक होता. ऐच्छिक म्हटल्यावर काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. ओव्हन तिकडे अजून फॅरनहाइटच बोलतात.

‘आणि कप कुठला घेतलास?’

‘चहाचा.’

पलीकडे शांतता. मग ती पुन्हा हसायला लागली.

आता एक गंमत बघा. आई आयुष्यभर वाटीने मोजत आली. तीन वाट्या तीळ, दोन वाट्या गूळ. कुठली वाटी? कुठलीही. मोठी घ्या, लहान घ्या, सगळं तिनेच मोजलं की प्रमाण बरोबर बसतं. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं, आईच्या रुखवतात होतं, त्यातली मापंही वाटी-चमच्याचीच. त्यामुळे मला वाटलं, अमेरिकन कपाचंही तेच असणार. चहाचा कप तर चहाचा, प्रमाण तर राहील! पण प्रमाण कुठवर टिकतं, तर रेसिपीत मोजून घ्यायची वस्तू येईपर्यंत. आमचा चहाचा कप काठोकाठ भरला तर १५० मिलीचा. अमेरिकन कप २४०चा. म्हणजे माझा मैदा, साखर, तेल सगळं पाऊणपटीहूनही कमी झालं, आणि अंडी? चारची चार. सोडा? दोन चमचे, भरून. मैद्याच्या मानाने सोडा दीडपटीहून जास्त पडला. म्हणून तो आधी फुगला, मग बसला आणि साबणासारखा लागला.

खारटपणाचं श्रेय कोशर सॉल्टला. हे जाडंभरडं, खडेदार मीठ असतं. चमच्यात खड्यांच्या मधे हवा जास्त, त्यामुळे काही ब्रँडचं मीठ वजनाला आपल्या बारीक मिठाच्या जवळजवळ निम्मंच भरतं. मी आपलं बारीक मीठ चमचाभर टाकून मोकळी!

‘तुझ्याकडे वजनकाटा आहे ना?’ ताईने विचारलं. ‘मग कपबिप सोड. मी इथे कपाने मोजून ग्रॅममध्ये सांगते.’

मग व्हिडिओ कॉल लागला. आमच्याकडे रात्रीचे साडेदहा, तिच्याकडे दुपारचे बारा. तिने फोन मसाल्याच्या बरण्यांना टेकवून ठेवला, कप काट्यावर ठेवला, शून्य केला, पिठाच्या पिशवीत खुपसून भरला आणि काट्यावर आकडा आला १४८. मला वाटलं, संपलं. पण ती म्हणाली, थांब. कप रिकामा केला, चमच्याचमच्याने हलक्या हाताने भरला, वरून सुरीची पाठ फिरवली. १२२. तोच कप, तेच पीठ, २६ ग्रॅमचा फरक! दोन कपांना अर्धी वाटी पीठ इकडचं तिकडे.

माझ्यामागे आई कधी येऊन उभी राहिली कळलंच नाही. ‘शीग लावली असणार पहिल्यांदा,’ ती म्हणाली.

शीग? हा शब्द मी ‘आनंदाने शिगोशीग भरलेलं’ वगैरे निबंधातच वाचला होता. आईने समजावलं की, मापात धान्य काठाच्या वर डोंगरासारखं रचलं की ती शीग. काठाला हात फिरवून उतरवलं की सपाट. दाणे देताना सपाट की शिगेनं यावरून तिच्या आजोळी, सिन्नरकडे, लोक भांडायचे म्हणे. सावकार घेताना शीग लावून घेणार आणि देताना हात फिरवणार. ताई न्यू जर्सीतून हे सगळं ऐकत होती. म्हणाली, ‘आई, इथे पण हेच भांडण आहे.’

ते खरंही आहे. फॅनी फार्मर नावाच्या बाईंनी १८९६ मध्ये ‘बोस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक’ लिहिलं आणि सपाट मापाचा आग्रह धरला. कप भरा, वरून सुरी फिरवा, चमचासुद्धा सपाट. त्यांना लोक ‘सपाट मापांची आई’ म्हणू लागले. थोडक्यात, शिगेवर बंदी घालणारी बाई.

एव्हाना माझ्यातली पत्रकार जागी झाली होती (मानधन कुणी देणार नव्हतं, तरी). अमेरिकन कपामागे चक्क इंग्लंडची राणी अ‍ॅन आहे. तिच्या काळात, १७०७ मध्ये, वाइनचा गॅलन २३१ घन इंचांचा ठरला. अमेरिकेतल्या वसाहतींनी तोच धरला. पुढे ब्रिटनने १८२४ मध्ये नवा, मोठा गॅलन आणला, पण तोवर अमेरिका वेगळी निघाली होती. सुनेने जुनीच भांडी वापरावीत आणि सासूने नवा सेट घ्यावा, तसं झालं. म्हणून आज अमेरिकेचा पाइंट ४७३ मिली आणि ब्रिटनचा ५६८. कप म्हणजे अर्धा पाइंट, म्हणजे अमेरिकेत २३७च्या आसपास, पाकिटावरच्या पोषणमूल्यांच्या हिशेबाला सरळ २४०. ऑस्ट्रेलियात २५०. ब्रिटनमध्ये पीठ-साखर काट्यावर तोलायची सवय, त्यामुळे अमेरिकन रेसिपी समोर आली की लंडनच्या बाईचीही माझ्यासारखीच पंचाईत होते. हे वाचून मला जरा बरं वाटलं.

पण खरी गंमत माझ्या टेबलावर होती. आजीचं एक पितळी माप मी बरीच वर्षं पेनस्टँड म्हणून वापरतेय. ते काय आहे हे कधी विचारलंही नव्हतं. आई म्हणाली, ‘चिपटं आहे ते.’ दोन कोळवी म्हणजे एक चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. हे ती पाढ्यासारखं म्हणाली. मी अमेरिकन तक्ता तिच्या शेजारी ठेवला. दोन कप म्हणजे पाइंट, दोन पाइंट म्हणजे क्वार्ट, चार क्वार्ट म्हणजे गॅलन. चिपट्याच्या जागी कप घाला, शेराच्या जागी क्वार्ट, पायलीच्या जागी गॅलन. बस्स, झालं! अर्धं करत जा किंवा दुप्पट करत जा, हातात काटा नसला तरी निभतं. मी आजवर अमेरिकन लोकांना या बाबतीत मागास समजत होते. प्रत्यक्षात ते आजीच्या गोटातले निघाले.

फरक एवढाच की, आजीचं चिपटं गावोगाव बदलायचं. मापाचा शेर वेगळा, वजनाचा वेगळा, या बाजारचा वेगळा, त्या बाजारचा वेगळा. म्हणून तर आपल्याकडे १९५६ साली कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-लिटर आले. पायली-चिपटं बाजारातून हद्दपार झालं आणि माझ्या टेबलावर पेनं सांभाळत बसलं.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन भांडी बाजारात गेले. कपांचा सेट घ्यायचा होता. नाशिकला तांब्या-पितळेची भांडी बघत फिरणं हे आईचं शॉपिंग मॉल. दुकानदार काकांनी प्लास्टिकचे दोन सेट काढले. एकावर २४०, दुसऱ्यावर २५०.

‘काका, यातला बरोबर कुठला?’

‘दोन्ही बरोबर आहेत मॅडम. कंपनी वेगळी.’

मला हे उत्तर सॉलिड आवडलं. २४०चा घेतला. अर्थात दहा मिलीने केक बिघडत नाही. चहाच्या कपाने बिघडतो.

मग सामान. ऑल-पर्पज फ्लोअरला आपला मैदा चालतो. कन्फेक्शनर्स शुगर म्हणजे पिठीसाखरच, फक्त त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडा कॉर्नस्टार्च असतो. आणि कॉर्नस्टार्च म्हणजे आपण ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो तो! अमेरिकेत कॉर्न फ्लोअर मागितलं की पिवळं मक्याचं पीठ हातात पडतं. आईने तिकडे टोमॅटो सूप दाट करायला ते घातलं होतं आणि घरात कुणी आजारी नसताना सगळ्यांनी पेज प्यायली होती. तिथेच तिने ‘बटरमिल्क’ लिहिलेला पुठ्ठ्याचा डबा बघून, उन्हातून आल्यावर ताक प्यावं म्हणून ग्लासात ओतला, तर ते ओघळेचना. तिकडचं बटरमिल्क विरजण लावून दाट केलेलं असतं. आईने त्याची कढी केली. जावई दोनदा घेऊन जेवले, तेव्हा तक्रार नाही. कोथिंबिरीला तिकडे सिलान्ट्रो म्हणतात, कोरिअँडर म्हटलं की धने. ही यादी आईला तोंडपाठ आहे, कारण प्रत्येक नोंदीमागे एक फसलेला पदार्थ आहे.

स्टिक बटर म्हणजे अर्धा कप, ११३ ग्रॅम. आपल्याकडे छोटं पाकीट १०० ग्रॅमचं, आणि नेहमीचं पिवळं बटर खारं. तिकडच्या केकला बहुधा बिनमिठाचं लागतं, ते वेगळं मागून घ्यावं लागतं. पेकान महाग, म्हणून अक्रोड. अंडंसुद्धा सारखं नसतं. तिकडचं ‘लार्ज’ सरासरी ५७ ग्रॅम, आपलं ५०च्या आसपास. चार अंड्यांत अर्धं अंडं कमी पडतं. क्रीम चीज मी घेणार होते, पण डबी उलटून किंमत बघताच आई म्हणाली, ‘चक्का घाल की.’

यावर रात्री पुन्हा कॉल झाला. ताई म्हणाली, चक्का पाणी सोडेल. आई म्हणाली, रात्रभर टांगला तर नाही सोडणार. मी मधे बसून अंपायरिंग करत होते. शेवटी ताई म्हणाली, ‘बरं, पण साखर अगदी शेवटी घाल, नाहीतर पातळ होईल,’ आणि मग अचानक, ‘ती रोज दुपारी झोपते का गं? गुडघ्याचं काय म्हणतात डॉक्टर?’ आई तेव्हा फडकं शोधायला आत गेली होती. मी सांगितलं. सगळं नाही सांगितलं, पण दिवाळीला सांगितलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त. तीही तिकडचं थोडं बोलली. पाळणाघराचे पैसे, नोकरीत चाललेली काटछाट, व्हिसाची तारीख. दिवाळीत हे काही माझ्या कानावर आलं नव्हतं. किंवा आलं असेल, मी ऐकलं नसेल.

आई तिकडे जाणार की नाही, हा प्रश्न केकने सुटला नाही. तो अजून तिथेच आहे.

वाढदिवसाला थंडी कडाक्याची होती. लाल गाजरं बाजारात ढिगाने. ती रसाळ असतात म्हणून कीस जरा दाबून घेतला. दोन टिन आमच्या ओटीजीत मावत नाहीत, म्हणून सगळं निम्मं केलं. १२५ ग्रॅम मैदा, दोन अंडी, एक चमचा सोडा, पाव चमचा मीठ, आठ इंची एकच टिन. टिन लहान, म्हणजे थर जाड, म्हणून वेळ वाढवला. १७५वर ४२ मिनिटं. सुई स्वच्छ निघाली तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच ओरडले. चक्क्याने कडेला किंचित पाणी सोडलंच. त्यावर मी अक्रोड लावले आणि विषय मिटवला.

रात्री आठ वाजता फोन डब्याला टेकवून ताईला समोर बसवलं. तिच्याकडे सकाळचे साडेनऊ. मांडीवर बाळ, बाळाच्या हातात केळं. आईने घास घेतला. आम्ही दोघी, साडेबारा हजार किलोमीटरवरून आणि दोन फुटांवरून, तिच्या तोंडाकडे बघतोय.

‘छान झालाय,’ आई म्हणाली. मग थोडं थांबून, ‘ताईचा जरा गोड असतो. हा बरा आहे.’

ताई म्हणाली, ‘बघ! निम्मी साखर तूच कमी करायला लावली असशील तिला.’ ते खरंच होतं. अर्धी नाही, पण बरीच.

मग ताईने विचारलं, संक्रांतीच्या वड्यांचं प्रमाण काय म्हणालीस, आई? माझ्या दर वर्षी मऊ राहतात. आईने नेहमीचं सांगितलं. तीन वाट्या तीळ, दोन वाट्या गूळ, अर्धी वाटी दाण्याचं कूट, दोन चमचे तूप.

‘वाटी कुठली?’

‘आपली. नाव घातलेली.’

‘किती मिलीची?’

आईने माझ्याकडे बघितलं. मी उठले. आईच्या लग्नातली, तिचं माहेरचं नाव कोरलेली ती स्टीलची वाटी काट्यावर ठेवली, शून्य केलं, पाणी ओतलं. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिली, एवढं सोपं आहे ते.

‘एकशे साठ,’ मी आतून ओरडले. ‘म्हणजे तुझ्या एका कपाला आपल्या दीड वाट्या.’

‘काठोकाठ भरलीस ना?’ ताई फोनमधून ओरडली.

‘सपाट,’ मी म्हटलं. ‘पण गूळ कुठला वापरतेस ते सांग आधी. चिकीचा आहे का?’